गेंट, ब्रुज, अँटवर्प, लूव्हन: बाहेर खायचं कुठे आणि काय? तुमचे नेहमीचे प्रश्न

उन्हाळी सुट्टीचे बेत ठरायला लागले की ओळखीच्यांचे आणि त्यांच्या ओळखीच्यांचे मेसेज सुरू होतात. पॅरिस आणि ॲमस्टरडॅमच्या मध्ये दोन-तीन दिवस बेल्जियमला ठेवलेत, तिकडे खायचं काय? मी गेंटमध्ये राहते, त्यामुळे उत्तरं गेंटकडे थोडी झुकलेली वाटतील, पण बाकीची शहरंही आली आहेत. एखाद्या उत्तराचा धागा दुसऱ्या प्रश्नात असेल तर तिथे तो नंबर दिलाय.

१. फ्लँडर्ससाठी (बेल्जियमचा उत्तरेकडचा, डच बोलणारा भाग) एकच दिवस आहे. खाण्याच्या दृष्टीने कुठलं शहर धरू?

गेंट, डोळे झाकून. ब्रुज देखणं आहे यात वाद नाही, त्याचं जुनं गाव २००० साली युनेस्कोच्या यादीत गेलं ते उगीच नाही, पण मधल्या भागातली बरीचशी हॉटेलं सकाळी येऊन संध्याकाळी जाणाऱ्या लोकांवर चालतात, परत कोण येणार आहे असा हिशोब असतो. गेंटला १८१७ पासून विद्यापीठ आहे, विद्यार्थी भरपूर आणि गावातले लोकही बाहेर खाणारे, त्यामुळे वाईट खायला घालून तिथे कुणाचं दुकान फार दिवस चालत नाही. दोन्ही बघायचीत तर ब्रुज दिवसा फिरा आणि जेवायला गेंटला या, ट्रेनने अर्ध्या तासाच्या आसपास लागतं. फक्त गेंटचं मुख्य स्टेशन जुन्या गावापासून बरंच लांब आहे, भूक लागलेली असताना चालत बसू नका, सरळ ट्राम पकडा.

अँटवर्प मोठं शहर आहे, तिथे जगातलं सगळं मिळतं, आणि शुद्ध शाकाहारी किंवा जैन असाल तर माझं उत्तर अँटवर्पकडे वळेल (प्रश्न ९ बघा). लूव्हन विद्यार्थ्यांचं गाव, खिशाला परवडणारं. मेखेलन ब्रसेल्स आणि अँटवर्पच्या बरोबर मध्ये आहे, लोक ट्रेनमधून बघत पुढे जातात, पण दुपारच्या जेवणासाठी उतरण्यासारखं आहे. तिथे व्लेसहाल नावाचा जुना मटण बाजार आहे, त्याचा आता फूड हॉल झालाय, एका टेबलावर चौघांनी चार देशांचं खायचं असेल तर सोयीचं पडतं.

२. मुख्य चौकातल्या रेस्टॉरंटमध्ये बसावं का? फोटोत फार छान दिसतं.

कॉफीला किंवा बिअरला जरूर बसा. ब्रुजच्या मार्क्ट चौकात घंटाघरासमोर तासभर बसण्याचे दोन युरो जास्त गेले तरी काही वाटत नाही. जेवायला मात्र उठा. पाच-सहा भाषांतला मेन्यू, प्रत्येक पदार्थाचा फोटो, दारात उभा राहून हाका मारणारा माणूस, आणि दुपारी चारलाही पूर्ण जेवण देणारं किचन, हे चारही एकत्र दिसलं की पुढे चला. ब्रसेल्समध्ये ग्रांड प्लास या मुख्य चौकाच्या मागे बुचर गल्ली आहे तिथे तर हाका मारण्याचाच व्यवसाय आहे.

उठून जायचं कुठे? ब्रुजमध्ये लांगेस्त्रातकडे किंवा सिंट-आना भागाकडे दहा-बारा मिनिटं चाला, गर्दी एकदम ओसरते आणि खिडकीत हाताने लिहिलेली पाटी दिसायला लागते. त्याच बाजूला ब्लेकर्सस्त्रातमध्ये व्लिसिंगे नावाचा कॅफे आहे, १५१५ सालचा, आत जुनी चित्रं आणि लाकडी टेबलं, मागे बाग. गेंटमध्ये किल्ल्याच्या मागचं पातर्सहोल, मध्ययुगातल्या अरुंद दगडी गल्ल्या, प्रत्येक दुसरं दार हॉटेलाचं. इथेही पर्यटक येतात पण गेंटचे लोकही वाढदिवस साजरे करायला इथेच येतात, हा फरक महत्त्वाचा. अँटवर्पमध्ये कॅथेड्रलच्या सावलीतून बाहेर पडून दक्षिणेला झाउड भागात किंवा उत्तरेला गोदीच्या बाजूला आयलांट्येमध्ये जा, तिथे मास म्युझियमच्या गच्चीवर फुकट जाता येतं, जेवणाआधी भूक लागायला तेवढे मजले पुरतात. लूव्हनमध्ये टाउन हॉलच्या शेजारीच मुंटस्त्रात आहे, पूर्ण गल्लीच रेस्टॉरंटची, त्यामुळे तिथे हा नियम एवढा कडक लावू नका.

३. दुपारी साडेतीनला पोचलो तर जेवण मिळेल का?

बहुतेक ठिकाणी नाही, आणि आपली माणसं सगळ्यात जास्त इथेच अडकतात. साधारण बारा ते दोन दुपारचं किचन, मग बंद, मग संध्याकाळी सहा ते साडेनऊ. हॉटेल उघडं दिसतं, लोक बसलेले दिसतात, पण ते कॉफी किंवा बिअर घेत असतात, शेफ घरी गेलेला असतो. रात्री नऊला बाहेर पडून निवांत जेवू ही पुण्या-मुंबईची सवय इथे महागात पडते, साडेनऊनंतर चांगलं जेवण शोधणं अवघड होतं.

मधल्या वेळात काय? मोठे ब्रासरी कॅफे छोटं कार्ड चालू ठेवतात, क्रोक (चीज-हॅमचं भाजलेलं सँडविच), सूप, पास्ता, ऑम्लेट असं काहीतरी. टीरूम नावाच्या जागांमध्ये वॉफल आणि पॅनकेक मिळतात. फ्राइजचं दुकान म्हणजे फ्रिटकोट बहुतेकदा उघडं सापडतं. गेंटच्या स्लेपस्त्रातमध्ये तुर्की हॉटेलं ओळीने आहेत, तिथे आडवेळेलाही गरम पिदे (वर सारण घालून भाजलेला तुर्की पाव) मिळते, चीज-पालकाची घेतली तर शाकाहारी, आणि हलाल बघणाऱ्यांनाही तिथेच पाठवते.

४. कुठल्या दिवशी बंद असतं?

रविवार-सोमवार धरून चाला, ब्रुजमध्ये मात्र पर्यटकांमुळे रविवार चालू ठेवून मंगळवार-बुधवार सुट्टी घेणारे बरेच आहेत. वेबसाइटवर 'खेस्लोटन' किंवा 'स्लाउटिंग्सडाख' दिसलं की बंद समजा. चांगली छोटी हॉटेलं एकच जोडपं चालवत असतं, नवरा किचनमध्ये आणि बायको बाहेर, त्यामुळे ते आठवड्याचे दोन दिवस पूर्ण बंद ठेवतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये दोन-तीन आठवडे सलग सुट्टीवर जातात. म्हणजे तुमच्या सुट्टीत त्यांचीही सुट्टी. सणासुदीचं प्रश्न १८ मध्ये.

५. आधी बुकिंग करावं लागतं का?

शुक्रवार-शनिवार रात्री हो, चौघांपेक्षा जास्त असाल तर कुठल्याही दिवशी हो. जागा छोट्या असतात, पंचवीस-तीस खुर्च्या, आणि एका टेबलावर एका संध्याकाळी बहुतेकदा एकच पार्टी बसते, कुणी उठायची वाट बघत दारात उभं राहायची पद्धत नाही. येणार नसाल तर कळवा, कृपा करून. छोट्या हॉटेलचं सहा जणांचं टेबल रिकामं राहिलं की त्यांची ती रात्र तोट्यात जाते, आणि यामुळेच आता काही ठिकाणी आधी कार्ड नंबर मागतात.

६. फ्राइज तर व्हेजच असणार ना? बटाटाच आहे.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर ऐकून लोक गप्प होतात. नाही, असणारच असं नाही. बेल्जियन फ्राइज पारंपरिक पद्धतीने बैलाच्या चरबीत तळतात, त्याला ओसेवित म्हणतात, आणि जुन्या चांगल्या दुकानांना त्याचाच अभिमान असतो, पाटीवरही लिहितात. चव त्याचीच असते असं इथले लोक सांगतात आणि त्यांच्या बाजूने ते खरंही आहे.

त्यामुळे काउंटरवर पहिला प्रश्न, व्हेजिटेबल ऑइल का बीफ फॅट? इंग्रजीत विचारा, कुणी रागवत नाही, रोज कुणीतरी विचारतंच. कागदावर किंवा पाटीवर 'प्लांटार्डिख' हा शब्द दिसला तर वनस्पती तेल, 'ओसेवित' किंवा 'रुंडव्हेट' दिसलं तर गाय-बैलाची चरबी. रेस्टॉरंटमध्येही विचारा, फ्राइज ताटाबरोबर न मागता येतात म्हणून लोक विसरतात. आणि तेल वनस्पतीचं असलं तरी त्याच कढईत मांसाचे रोल तळतात का हा दुसरा प्रश्न, ज्यांना ते चालत नाही त्यांनी तोही विचारायचा. काही दुकानं वेगळी कढई ठेवतात.

आपल्या किती घरांतल्या आई-बाबांना मुलांनी प्रेमाने फ्राइज खाऊ घातलेत आणि दोघांनाही कल्पना नाही, म्हणून हे एवढं लांबण लावून लिहितेय.

७. फ्रिटकोटवर ऑर्डर नेमकी कशी द्यायची? मागे रांग असते, गोंधळ होतो.

क्लाइन, मिडल, ग्रोट, म्हणजे लहान, मध्यम, मोठं. लहान घ्या. लहान म्हणजेच एका भुकेल्या माणसाचं पोट भरेल एवढं असतं. मग मीठ का ते विचारतील, मग सॉस कुठला आणि वर का बाजूला. सॉसचे वेगळे पैसे असतात. मेयोनेज इथे आंबटसर आणि घट्ट असतं, त्यात अंडं असतं. आंडालूज म्हणजे टोमॅटो आणि ढोबळी मिरचीचा, सामुराई तिखट, आपल्या मानाने बेताचाच. 'स्टोफव्लेस सॉस' असं दिसलं तर तो बीफच्या रश्श्याचा आहे, नुसता ब्राऊन सॉस समजून मागू नका.

थांबून बघण्यासारखी गोष्ट म्हणजे तळणं. एकदा कमी आचेवर तळून बाजूला काढून ठेवलेले, जाडजूड, पांढरट बटाटे असतात, तुमची ऑर्डर आली की ते दुसऱ्यांदा जास्त गरम तेलात जातात. झारा वर आला की तो माणूस दोन-तीनदा जोरात उडवतो, फ्राइज एकमेकांवर आपटून कडकड वाजतात, त्या आवाजावरून झालंय का नाही हे त्याला कळतं. मग स्टीलच्या मोठ्या भांड्यात मीठ आणि कागदात. वाफ निघेपर्यंत दोन मिनिटं थांबा, जीभ भाजते.

बाजूच्या काचेत जे तळायचे तुकडे ठेवलेले असतात त्यात फ्रिकांडेल नावाचा लांब रोल असतो, त्यात कोंबडी, डुक्कर आणि कधी कधी घोड्याचंही मांस मिसळलेलं असतं. शाकाहारींसाठी कासक्रोकेट, म्हणजे चीजचा क्रोकेट. ब्रुजला घंटाघराच्या पायथ्याशी दोन हिरव्या गाड्या आहेत, तिथे सगळेच खातात आणि वाईट नाही, फक्त प्रश्न ६ मधला चरबीचा प्रश्न तिथेही विचारा.

८. आम्ही शाकाहारी आहोत, अंडं-दूध चालतं. खरंच जमेल का, की पोळ्या-भाजीची पाकिटं आणू?

जमेल, आणि गेंटमध्ये तर आनंदाने जमेल. २००९ च्या मे महिन्यात गेंट महापालिकेने गुरुवार हा मांस न खाण्याचा दिवस म्हणून सुरू केला, शाळांच्या जेवणापासून सुरुवात करून, आणि शाकाहारी हॉटेलांचे नकाशे वाटले. आपल्याकडे किती घरांत गुरुवार पाळतात, आणि इथे येऊनही गुरुवारच निघावा, मला हे ऐकून फार बरं वाटलं होतं. आता गावात पूर्ण शाकाहारी आणि व्हेगन जागा भरपूर आहेत, आणि साध्या हॉटेलातही मेन्यूवर दोन-तीन पदार्थ असतातच.

ब्रुजमध्ये पर्याय कमी पण आहेत. पारंपरिक फ्लेमिश जेवणात हक्काने मागता येतील असे दोन पदार्थ सांगते. एक, चीज क्रोकेट, दोन मोठे, बाहेरून कडक आणि आत वितळलेलं चीज, बरोबर तळलेली पार्सली आणि लिंबाची फोड. दुसरा, एप्रिल ते जून अखेरीच्या आसपास आलात तर अस्पेरजेस ओप व्लामसे वायझे, पांढरा जाड शतावरीचा कोंब उकडून त्यावर लोणी, उकडलेल्या अंड्याचा चुरा आणि पार्सली. मेखेलनच्या बाजूला हे खूप पिकतं आणि त्या दोन महिन्यांत सगळं फ्लँडर्स त्यामागे लागलेलं असतं. हंगाम सोडून मागितलं तर मिळत नाही, आणि मिळालं तर खाऊ नका.

लपलेलं मांस कुठे असतं ते लक्षात ठेवा. सूप भाजीचं असलं तरी पाणी चिकन किंवा बीफच्या स्टॉकचं असू शकतं. स्टुम्प म्हणजे भाज्या घातलेला कुस्करलेला बटाटा, त्यात बेकनचे तुकडे असतात. सॅलडवरही बेकन टाकतात. आणि शाकाहारी म्हटलं तरी काही जण मासे चालतात का असं विचारतात, म्हणून "नो मीट, नो फिश, नो चिकन स्टॉक" हे तिन्ही एका दमात सांगा.

९. आम्ही जैन आहोत, किंवा अंडंही नको, कांदा-लसूणही नको.

मग मुक्काम अँटवर्पला ठेवा. तिथल्या हिऱ्याच्या बाजारात गुजराती जैन, विशेषतः पालनपूरचे व्यापारी, कित्येक दशकांपासून आहेत, मुंबईतल्या हिऱ्याच्या धंद्याचं दुसरं टोक म्हणजे हे शहर, आणि विलरायक भागात त्यांचं संगमरवरी जैन मंदिरही आहे. साहजिकच सेंट्रल स्टेशनजवळच्या हिरे बाजाराच्या गल्ल्यांमध्ये शाकाहारी भारतीय जेवण मिळतं आणि तिथे "जैन" एवढा एकच शब्द पुरतो, पुढे काही समजावत बसावं लागत नाही. दुपारचा वेळ सगळ्यात चांगला, बाजार चालू असतो तेव्हा किचनही जोरात असतं. शनिवार-रविवारचं आधी फोन करून विचारा.

बाकी शहरांत अंडं टाळायचं तर वॉफल, पॅनकेक, मेयोनेज, ताजा पास्ता, क्रोकेटचं बाहेरचं आवरण, हे सगळं बाद होतं. युरोपियन कायद्याने १४ ॲलर्जी देणाऱ्या घटकांची माहिती ग्राहकाला द्यावीच लागते, त्यात अंडं आहे, त्यामुळे "एग" आहे का हे विचारलं की नीट तपासून उत्तर मिळतं. कांदा-लसूण त्या यादीत नाही, तिथे वेटरच्या स्मरणशक्तीवर अवलंबून राहावं लागतं.

१०. चिकन-मासे चालतात, बीफ आणि पोर्क नको. कुठल्या नावांपासून सांभाळू?

स्टोफव्लेस किंवा स्टोव्हरय म्हणजे बिअरमध्ये शिजवलेलं बीफ (कधी पोर्कही असतं). हेस्प आणि स्पेक म्हणजे हॅम आणि बेकन. व्हिटलोफ ही कडसर भाजी ओव्हनमध्ये चीज घालून करतात आणि मेन्यूवर भाजीसारखी दिसते, पण प्रत्येक कोंब हॅममध्ये गुंडाळलेला असतो. बाल्लेत्येस म्हणजे खिम्याचे गोळे, बहुतेकदा पोर्क-बीफ मिसळून. व्हिडे किंवा व्होलोव्हां हे चिकनचं, पण त्यात छोटे खिम्याचे गोळे टाकतात, तेवढं विचारा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, सँडविचच्या दुकानात 'फिले अमेरिकँ' किंवा 'प्रेपारे' हे नाव ऐकून अमेरिकन काहीतरी असेल असं समजून मागवू नका. तो कच्च्या बीफचा मसाला लावलेला खिमा असतो, न शिजवलेला. 'मार्टिनो' सँडविचमध्येही तोच.

फ्राइजच्या चरबीचं विसरू नका, प्रश्न ६.

११. सगळं खातो. इथलं खरं काय खाऊन जावं?

गेंटला वाटरझोय. मुळात इथल्या नद्यांतल्या माशांचा असायचा, आता बहुतेकदा चिकनचा करतात, दोन्ही मिळतात. खोल वाडग्यात पातळसर पिवळट रस्सा, क्रीम आणि अंड्याचा बलक घालून दाट केलेला, त्यात गाजर, लीक आणि सेलरीच्या लांब काड्या, बटाटे. तिखट अजिबात नाही, पहिल्या घासाला आपल्या जिभेला फिका वाटतो, तिसऱ्या-चौथ्या घासाला लोण्याची आणि भाज्यांची गोडी लागते, बाहेर पावसाळी थंड हवा असेल तर मग वाडगा संपेपर्यंत कुणी बोलत नाही. टेबलावर मिरपूड मागायला संकोच करू नका.

बीफ खात असाल तर स्टोफव्लेस, गडद बिअरमध्ये तासन्‌तास शिजवलेलं, मोहरी फासलेला पावाचा तुकडा रश्श्यात विरघळवून दाट केलेलं, प्रत्येक घराची चव वेगळी. त्यासाठी लागणारी मोहरी गेंटच्या ग्रुंटेनमार्क्टवर टिरेनटाइन-व्हरलेंटच्या १७९० पासूनच्या दुकानात मिळते, लाकडी पिंपातून काढून बरणीत भरून देतात, नाकात झणका जातो, आणि घरी न्यायला सगळ्यात चांगली गोष्ट आहे, फक्त फ्रिजमध्ये ठेवायची.

समुद्राजवळ असल्यामुळे ब्रुजला गार्नालक्रोकेट, छोट्या करड्या कोळंबीचा क्रोकेट. ही कोळंबी नखाएवढी असते, होडीवरच उकडतात, सोलायला फार वेळ लागतो, म्हणून महाग. ओस्टडाउनकर्केला किनाऱ्यावर अजूनही घोड्यावर बसून ही कोळंबी धरतात, ती परंपरा २०१३ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. पालिंग इन हेट ख्रून म्हणजे हिरव्या पाल्याच्या रश्श्यातलं वाम, मालवणी-गोवेकर लोकांनी नक्की खावं, बाकीच्यांनी काट्यांची तयारी ठेवावी.

१२. मसल्सचा हंगाम कधी आणि ते खातात कसे?

साधारण जुलैपासून एप्रिलपर्यंत, बहुतेक माल शेजारच्या हॉलंडमधल्या झेलांडहून येतो. मे-जूनमध्ये आलात तर दुसरं काहीतरी मागवा. माणशी एक किलोच्या आसपासचं काळं भांडंच टेबलावर येतं, शिंपल्यांसकट, घाबरू नका, आत ऐवज थोडाच असतो. पहिला शिंपला काट्याने खायचा, मग तोच रिकामा शिंपला चिमट्यासारखा धरून पुढचे काढायचे. कोकणात तिसऱ्या (शिंपल्या) खाल्लेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. शिजूनही बंद राहिलेला शिंपला उघडायला जाऊ नका, बाजूला ठेवा. तळाशी सेलरी-कांद्याचं पाणी उरतं ते पावाने टिपून घ्या, सगळी चव तिथे असते. साधे घ्या किंवा व्हाइट वाइनमधले, क्रीमचे आणि करीचे नकोत.

१३. पाणी फुकट देत नाहीत हे खरं?

खरं. जेवणाबरोबर पाण्याची बाटली विकतच घ्यावी लागते आणि मोठी बाटली पाच-सात युरोपर्यंत जाते. प्लाट म्हणजे साधं, ब्राउस म्हणजे बुडबुड्यांचं. नळाचं पाणी पिण्यालायक आहे, क्रानवाटर मागून बघा, काही जागा आनंदाने देतात, काही थोडे पैसे लावतात, काही नाही म्हणतात, आणि नाही म्हणण्याचा त्यांना अधिकार आहे, वाद घालू नका. बाटली भरून बरोबर ठेवा, चालताना प्या.

१४. खर्च किती धरायचा, टिप किती द्यायची, कार्ड चालतं का?

सध्या अंदाजे फ्राइज चार-पाच युरो, सँडविच पाच-सहा, दुपारची डागस्खोटल म्हणजे आजची थाळी पंधरा ते वीस, रात्रीचा मुख्य पदार्थ बावीस ते तीस, मसल्स तीसच्या आसपास. पैसे वाचवायचे तर मोठं जेवण दुपारी करा, त्याच किचनचा तोच पदार्थ डागस्खोटल म्हणून स्वस्त पडतो.

टिप सक्तीची नाही, सेवेचे पैसे बिलातच धरलेले असतात. छान वाटलं तर वरचे एक-दोन युरो सोडा. २०२२ च्या जुलैपासून प्रत्येक दुकानाला कॅश सोडून किमान एक इलेक्ट्रॉनिक पर्याय ठेवावाच लागतो, पण छोट्या फ्रिटकोटवर तो पर्याय फक्त इथल्या बँकांचा असू शकतो, म्हणून भारतातलं कार्ड असलं तरी वीस युरो सुटे खिशात हवेत. टॉयलेटला पन्नास सेंट ते एक युरो लागतो, कधी कधी जेवायला बसलेल्यांनाही.

१५. आम्ही दारू पीत नाही. कॅफेत बसलेलं चालतं का? मुलांना नेता येतं?

दोन्ही चालतं. इथला कॅफे म्हणजे घराबाहेरची बसायची खोली, आजोबा पेपर वाचतात, मुलं गरम चॉकलेट पितात. आत सिगरेट ओढायला २०११ पासून बंदी आहे. बेल्जियमची बिअर संस्कृती २०१६ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली, आणि चव बघायची इच्छा असेल पण अल्कोहोल नको तर ब्रुजच्या हाल्व्ह मान ब्रुअरीची स्पोर्ट झॉट विचारा, त्यात नावापुरतंच असतं. पिणाऱ्यांनी बाटलीवरचा टक्का वाचावा, इथे आठ-दहा टक्के नेहमीचं आहे, ब्रुजच्या डे गारे कॅफेची घरची ट्रिपल बिअर तर ११ टक्के.

लहान मुलांसाठी बहुतेक ठिकाणी किंडरमेन्यू असतो, चिकन आणि सफरचंदाचा गर, किंवा पास्ता. सहाला किचन उघडताच जा, जागा मिळते, गर्दी नसते, पोरं कंटाळायच्या आत जेवण येतं. आजी-आजोबा बरोबर असतील तर आधी विचारा की टॉयलेट वर आहे का तळघरात, जुन्या इमारतींचे जिने फार उभे असतात.

१६. वॉफल, चॉकलेट, ते जांभळं नाक, यात काय काय असतं?

ब्रसेल्स वॉफल हलका, चौकोनी, वर पिठीसाखर. लिएज वॉफल घट्ट, आत साखरेचे खडे. दोन्हीत अंडं. वर क्रीम, स्ट्रॉबेरी, चॉकलेट, सगळ्याचा ढीग रचलेला मिळतो तो काचेत तासन्‌तास पडलेला असतो, समोर भाजून देणाऱ्याकडे साधा घ्या. स्मौटबोलन या जत्रेतल्या गोड भज्यांना नावच चरबीचं आहे, काही ठिकाणी आता तेलात तळतात, विचारून घ्या.

गेंटचं कुबरडोन, जांभळं, शंकूच्या आकाराचं, गावातले लोक नेउझेके म्हणजे नाकुली म्हणतात. ग्रुंटेनमार्क्टवर गाड्यांवर मिळतं, बाहेर कडक आणि आत रास्पबेरीचा पाक. काहींत डिंक असतो तर काहींत जिलेटिन, शाकाहारींनी डब्यावरचं वाचावं. तीन आठवड्यांत आत साखर धरते, त्यामुळे भारतात नेण्यासाठी भरून घेऊ नका. चॉकलेट प्रालीन (आत सारण भरलेली चॉकलेटं) घेताना अल्कोहोल नसलेले वेगळे काढून मागा, दुकानात लगेच दाखवतात.

अंडं नको असलेल्यांसाठी स्पेकुलोस बिस्किट, कॉफीबरोबर बशीत येतं ते. ती बिस्किटं बनवणाऱ्या लोटस कंपनीची फॅक्टरी गेंटच्या उत्तरेला लेंबेकेलाच आहे.

१७. लूव्हनला शिकायला येतोय. रोज बाहेर खाणं परवडेल का?

रोज नाही, पण आठवड्यातून दोन-तीनदा सहज. केयू लूव्हन विद्यापीठाची अल्मा नावाची विद्यार्थी कँटीन आहेत, गरम जेवण, शाकाहारी पर्याय रोज. बाहेर सँडविचच्या दुकानात 'स्मोस कास' मागा, लांब पावात चीज, लेट्यूस, टोमॅटो, उकडलेलं अंडं, मेयो. अंडं नको तर 'झोंडर आय' म्हणजे अंड्याशिवाय असं सांगा, आणि मेयोही काढायला सांगा. औडे मार्क्ट हा चौक जगातला सर्वांत लांब बार म्हणून ओळखला जातो, तो प्यायला, खायला मुंटस्त्रात किंवा आजूबाजूच्या गल्ल्या. आणि सीनियर मराठी मुलांच्या ग्रुपमध्ये लगेच शिरा, तांदळाची दहा किलोची गोणी कुठे स्वस्त मिळते हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

१८. चतुर्थी किंवा एकादशी आली तर? आणि ख्रिसमसला आलो तर?

उपासाला वनस्पती तेलातले फ्राइज (प्रश्न ६ मधले दोन्ही प्रश्न विचारून), सॉस न घेता. उकडलेला बटाटा आणि लोणी, किचनला सांगितलं तर करून देतात. सुपरमार्केटमध्ये दही, फळं, सुकामेवा. आणि चतुर्थीला चंद्रोदयाची वेळ बघून ठेवा, उन्हाळ्यात तो इतका उशिरा असतो की तोवर सगळी किचन बंद होतात, उपास सोडायचं आधीच आणून ठेवावं लागतं.

२४ डिसेंबरची रात्र आणि १ जानेवारी, बहुतेक बंद, उघडी असतात तिथे ठरलेला महागडा मेन्यू असतो. जुलैच्या मध्यात गेंटला दहा दिवस गेंटसे फेस्टन असतं, रस्तोरस्ती गाणी आणि गाड्या, त्या दिवसांत पातर्सहोलमधली काही चांगली हॉटेलं उलट बंद राहतात. रस्त्यावर उभं राहून खायची तयारी असेल तरच त्या तारखा धरा.

१९. फ्रेंच बोलू का? शाळेत शिकलोय.

फ्लँडर्समध्ये नको. इथली भाषा डच, आणि भाषेवरून इथे जुनी दुखणी आहेत. इंग्रजीत बोला, तरुण वेटर तर उत्तम बोलतात. आत जाताना "दाख", निघताना "दांक यू", एवढं डच पुरतं आणि आवडतं.

२०. बरोबर आणलेले ठेपले-चटणी कुठे बसून खाता येतील?

कॅफेच्या बाहेरच्या खुर्च्यांवर नाही, कॉफी मागवली असली तरी नाही. फ्राइज घेऊनही तिथे बसता येत नाही, काही कॅफे परवानगी देतात पण आधी विचारावं लागतं. गेंटमध्ये ग्रासलेवर नदीकाठी दगडी कट्ट्यावर सगळं गाव डबा घेऊन बसतं, ब्रुजमध्ये मिनवाटर तळ्याकाठची बाकं, अँटवर्पमध्ये स्खेल्डे नदीचा काठ. कचरा आपल्या पिशवीत, आणि ब्रुजच्या हंसांना ठेपला घालू नका, त्यांना त्रास होतो.